नवशिक्यांसाठी एक सुरक्षित दिवस

३ नोव्हेंबर

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण तुला द्यायला माझ्याकडे उरलंय काय? नवरा नेलास, मुलगी तुमच्याकडे आहे. आईचं शिलाई मशीन तेवढं माझ्याकडे राहिलंय, त्याच्यावरही तुझा डोळा असेल. तेव्हा आशीर्वाद राहू दे, कामाचं बोलू.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, त्या दोन निळ्या खुणा दिसतात, आणि पुढे चिडीचूप. म्हणून कागद घेऊन बसले. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि एकदा हातात घेतलंस की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस.

तीस तारखेला लेक अठराची होतेय. तिचा मला फोन आला होता. तुला न विचारता केला असेल तर तिच्यावर डाफरू नकोस. म्हणाली, "आई, मला गाडी शिकायचीय. पण कार नाही. तुझ्याकडची ती मिलिटरीची." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, मी आता बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या आवारात नोकरी करते. आमच्या मालकांनी लष्कराच्या लिलावातून चार जुने ट्रक घेतलेत. हिरवे, बैलासारखे रुंद, दरवाजा उघडायला खांद्याचा जोर लागतो. ज्यांनी उभ्या जन्मात स्टिअरिंग धरलं नाही अशी माणसं येतात आणि दिवसभर मैदानात ते ट्रक चालवतात. शिकवायला उस्ताद आहेत, लष्करातून निवृत्त झालेले. बाकी सगळं माझ्याकडे. कोण कधी येणार, कुठे बसणार, काय खाणार आणि मुख्य म्हणजे कोणाला खरचटणार नाही याची काळजी. हे काम मला चांगलं जमतं. कोणाला कुठे लागेल याचा अंदाज मला आधीपासून बरा येतो.

तेव्हा तीस तारीख ठरली. लेकीच्या मैत्रिणी येऊ देत, तूही ये. आणि तुझ्या ह्यांना (लिहायची सवय करतेय, अजून पेन अडतं) आवर्जून आण. इतकी वर्षं बर्फात मिलिटरीचा ट्रक हाकलेला माणूस! मालकांना मी सांगून ठेवलंय. ते म्हणाले, त्यांचा मानच वेगळा.

ताई


१६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. तीन शब्द. "सुरक्षित आहे ना?" एवढं लिहायला तू पाकीट वाया घालवलंस.

आहे बाई, सुरक्षित आहे. लेक माझीही आहे, हे तू मधूनमधून विसरतेस. ऐक. ट्रक पहिल्या दोन गिअरच्या वर जाऊच देत नाही, म्हणजे कितीही पाय दाबला तरी तो पळणाऱ्या माणसाच्या पुढे जात नाही. उस्ताद शेजारी बसतात आणि इंजिन बंद करायचा दट्ट्या त्यांच्या हाताशी असतो. एक खेच, गाडी जागच्या जागी गप्प. मैदानाच्या चारी बाजूंना ट्रॅक्टरचे जुने टायर रचलेत. मागच्या हौद्यात कोणी उभं राहायचं नाही. चपला चालणार नाहीत, बंद बूट हवेत. केस बांधलेले हवेत. गाडी उभी केली की चाकाला ठोकळे लागलेच पाहिजेत, नाहीतर मी स्वतः जाऊन ओरडते. आजवर आमच्याकडे एकाचं नखसुद्धा तुटलेलं नाही.

कार्यक्रमही मजेचा आखलाय. सकाळी शेडमध्ये नवशिक्यांचा तास. मग एकेकाची फेरी. दुपारी केक. नंतर डोळे बांधून गिअर ओळखायचा खेळ, त्यात पोरं हसून हसून लोळतात. तुझ्या ह्यांना मात्र नवशिक्यांच्या तासाला बसवणार नाही. जाणत्या माणसाला काय शिकवायचं? तेवढा वेळ ते ऑफिसात मालकांबरोबर चहा घेतील आणि मग थेट गाडीवर, सगळ्यांसमोर.

आता दुसरं. लेक फोनवर म्हणाली की अठरा झाल्यावर कुठे राहायचं ते ती स्वतः ठरवणार आहे. तुमच्याकडे की माझ्याकडे. आणि ठरवायच्या आधी तिला एकच गोष्ट पक्की हवीय. बारा वर्षांची असताना ती तुमच्या दारात आली ते तिला आठवतं, पण कोणाच्या मर्जीनं? तुझे हे तिला सांगतात, आईनं आपणहून तुला बॅग घेऊन आमच्या दारात सोडलं. मी तिला सांगते, बाबांनी धमक्या देऊन तुला माझ्याकडून मागून घेतलं, माझा इलाज नव्हता. ती म्हणाली, "दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय, आणि जो खोटं बोलतोय त्याच्याकडे मी राहणार नाही."

माझ्यावर गेलीय.

खरं काय ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. तू इतकी वर्षं मूग गिळून बसलीस, तशीच बस. "मोठ्यांच्या भांडणात मी पडणार नाही" असं म्हणे तू तिला सांगतेस. छान वाक्य आहे. नाहीतरी तुला खोटं बोलायला जमत नाही, लगेच कान लाल होतात. तुझ्या बालवाडीतली पोरंसुद्धा तुला फसवून दोन-दोन बिस्किटं नेत असतील.

बूट विसरू नकोस.

ताई


२९ नोव्हेंबर

धाकटे,

आत्ताच तुझा मेसेज आला. अंगात कणकण आहे म्हणून तू येत नाहीस, हे आणि लेक दोघंच येणार. बरं झालं. तुझं तोंड पाहून माझा हात आखडला असता, असं नाही, पण मजा किरकिरी झाली असती.

हे पत्र आज पेटीत टाकतेय. तुला मिळेल तेव्हा उद्याचा दिवस होऊन गेलेला असेल. मुद्दामच. कोणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं माणूस म्हणून तूच उरलीस, बघ किती वाईट दिवस आलेत.

ह्यांची ती गोष्ट तुला पाठ असेलच. बर्फात रस्ता बंद, रात्रभर ट्रकमध्ये एकटे, आणि कोणी गाडी पळवू नये म्हणून चावी दोरीत ओवून गळ्यात, बनियनच्या आत. "चावी अंगाला चिकटून बसली होती, सोडवताना कातडी निघाली." मग सदऱ्याचं बटण काढून तो डाग दाखवायचा. माझ्या लग्नाच्या बोलणीतही दाखवला होता. आपल्या अप्पांचे डोळे भरून आले होते. लेक पाच वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी तीच चावी तिच्या गळ्यात घातली. आजही ती घालते. आंघोळीलासुद्धा काढत नाही, असं तिनंच मला सांगितलं.

मी इथे नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी उस्तादांचा तास ऐकला. प्रत्येक तास ते एकाच प्रश्नानं सुरू करतात. समोरच्या नवशिक्याला वर बसवतात आणि म्हणतात, "चला, चालू करा." तो बिचारा इकडे बघतो, तिकडे बघतो आणि विचारतो, चावी? मग उस्ताद हसतात. मिलिटरीच्या या ट्रकांना चावी नसतेच. नुसता स्विच फिरवायचा आणि बटण दाबायचं. "लढाईत ड्रायव्हर पडला तर दुसऱ्यानं त्याच्या खिशात चावी शोधत बसायचं का?" म्हणतात. तीस वर्षांत त्यांनी चावीवाला एकही ट्रक पाहिला नाही.

 लग्न मोडून तोवर चार वर्षं झाली होती, पण मला त्या दिवशी नव्यानं फसवल्यासारखं वाटलं. मग चौकशी केली. ओळखीतून ओळख काढली. तुझे हे लष्करात होते हे खरं. भांडारात होते. घोंगड्या द्यायच्या, घोंगड्या परत घ्यायच्या. ती चावी कुठल्यातरी कपाटाची असेल आणि तो डाग कढत चहाचा.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलंय. उद्या ह्यांना मी सगळ्यांसमोर मानानं गाडीवर बसवणार आहे. मी तोंडातून ब्रसुद्धा काढणार नाही. जे बोलायचं ते तेच बोलतील. आणि ज्याची बर्फाची गोष्ट खोटी, त्याची दाराची गोष्ट पोरीला खरी कशी वाटेल, तूच सांग.

आत्ता मैदानात जाऊन सगळे टायर तपासून आले. एकही खिळा, काच काही नाही. इतका सुरक्षित दिवस मी आजवर आखला नव्हता.

ताई


५ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. "तू माणूस आहेस का?" असं विचारलंयस. आहे. म्हणूनच तर तुला सगळं सविस्तर लिहितेय, कारण तुझे हे तुला काही सांगणार नाहीत आणि लेक आता तुमच्याकडे नाही.

ते नवा शर्ट घालून आले होते. निळा. तूच आणला असशील, तुझी आवड तशीच आहे. सकाळभर ऑफिसात मालकांना बर्फ ऐकवत होते. मालक भोळे, दोनदा डोळे पुसले. मी चहा नेऊन दिला तर हे मला म्हणाले, "तू हे केलंस, बरं वाटलं. मला वाटलं होतं तुझ्या मनात अजून राग आहे." मी म्हटलं, "छे हो, राग कसला!"

इकडे शेडमध्ये तास झाला. लेकीला उस्तादांनी पहिल्यांदा बसवलं आणि तिनंही विचारलं, "चावी?" सगळ्या हसल्या, तीही हसली. मग मात्र मी बघत होते, तिचा हात सावकाश गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.  बहुतेक मनात म्हणत असेल, बाबांचा ट्रक वेगळा असेल. त्यांच्यावर विश्वास ठेवायला तिनं अजून जागा ठेवली होती, हे मला आवडलं नाही, पण म्हटलं, थांब.

मग मी सगळ्यांना मैदानात उभं केलं. मालक, मालकीणबाई, पाच-सहा मैत्रिणी, फोन वर करून. "आता खरं कसं चालवतात ते बघा!" असं मालकच म्हणाले. मला काही करावंच लागलं नाही.

ते ऐटीत चढले. आरसा नीट केला. स्टिअरिंगवर दोन थापा मारल्या. मग पुढच्या फळीवर हात फिरवला, एकदा, दोनदा, खाली वाकून बघितलं, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून उस्तादांना म्हणाले, "अहो, चावी राहिली की तुमच्याकडे!"

आधी एक मैत्रीण हसली. तिला वाटलं, गंमत करतायत. मग सगळ्या हसल्या. ह्यांनाही वाटलं आपण काहीतरी विनोद केला, म्हणून तेही हसायला लागले आणि परत म्हणाले, "द्या ना, चावी द्या." तेव्हा हसणं थांबलं.

उस्ताद भला माणूस आहे. पुढे झाले आणि म्हणाले, "असतील साहेब, तुमच्या वेळच्या काही गाड्यांना असतील." आता बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण हातचं जाऊ कसं देणार? मी म्हटलं, "उस्ताद, सकाळी तर तुम्ही म्हणालात तीस वर्षांत एकही नाही पाहिली?"  उस्ताद फडक्यानं हात पुसायला लागले. त्यांचे हात स्वच्छच होते.

लेक ट्रकच्या दारापाशी गेली. वर बघून विचारलं, "बाबा, मग ही कशाची?" ते म्हणाले, "अगं, तेव्हा... म्हणजे आमच्याकडे तेव्हा..." तिनं परत विचारलं, "कशाची?" ते म्हणाले, "भांडाराची." इतक्या हळू की मैत्रिणींना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

तिनं ती काढली, बॉनेटवर ठेवली, आणि म्हणाली, "उतरा. माझी पाळी आहे."

त्यांना उतरता येईना. पायरी उंच असते. उस्तादांनी धरून उतरवलं. मग लेक चढली. काय चालवला तिनं! दोनदा क्लच दाबून गिअर टाकायचा असतो, त्यात भलेभले रडतात, हिचा एकदाही आवाज झाला नाही. तुझे हे टायरांच्या पलीकडे जाऊन बसले. केक कापला तेव्हा मी त्यांनाही एक तुकडा नेऊन दिला. डोळे बांधून खेळायच्या खेळाला म्हटलं, चला की. नाही म्हणाले.

संध्याकाळी फाटकापाशी ती मला म्हणाली, "आई, बाबा कशाबद्दल खोटं बोलतात ते आज कळलं. मी तुझ्याकडे येते." बस्स. कोणाला साधं खरचटलंही नाही.

ताई


१८ जानेवारी

धाकटे,

हे आता टीव्हीसुद्धा लावत नाहीत, विचारलं तर हो किंवा नाही, आणि पाहुणे आले की आत जाऊन पडतात, असं तू लिहिलंस. मग तुझा फायदाच झाला ना? मी तेरा वर्षं बर्फ ऐकला. तुझी सहा वर्षांतच सुटका झाली.

लेक कशी आहे विचारतेस. मजेत आहे. कॉलेज करते, सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर आवारात येते. उस्ताद म्हणतात, असा हात त्यांनी पाहिला नाही. तेवढंच म्हणतात. माझ्याशी ते हल्ली कामापुरतंच बोलतात. "मॅडम, ठोकळे लावलेत." "मॅडम, निघतो." माझं काही अडत नाही.

बापाचं नाव ती काढत नाही. काढलंच तर "चावीवाले" म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी पोट धरून हसले. हसता हसता बघितलं तर ती हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

तिला एक सवय लागलीय. काहीही सांगितलं की तपासते. मी म्हटलं, भाजीवाल्यानं चढा भाव लावला, तर खाली जाऊन विचारून आली. परवा मालकीणबाई चहाला आल्या होत्या. मी आपलं सांगत होते की मीच कंटाळून ह्यांना सोडलं. लेक बशी पुसत होती. म्हणाली, "नाही आई, ते तुला सोडून मावशीकडे गेले. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मी होते ना घरात." बशी ठेवली, दुसरी घेतली. मालकीणबाईंना अचानक काम आठवलं. मी तिला म्हटलं, चारचौघांत असं बोलतात का? ती म्हणाली, "का? चारचौघांतच तर कळतं."

हे तुझेच संस्कार. सहा वर्षं तुझ्या हाताखाली वाढली, माझ्याकडे होती तेव्हा तिला असं तोंड कधीच नव्हतं.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र रजिस्टरनं पाठवतेय, म्हणजे शनिवारच्या आत तुझ्या हाती पडेल. नीट वाच आणि फाडून टाक. ह्यांना दाखवू नकोस.

लेक रविवारी तुझ्याकडे येतेय. मला काल जेवताना सांगितलं. म्हणाली, "बाबा खोटारडे निघाले. पण एक माणूस एका बाबतीत खोटं बोलला म्हणजे सगळ्याच बाबतीत बोलला, हे काही खरं नाही. मला दाराबद्दल मावशीला विचारायचंय." मी म्हटलं, मावशी काय सांगणार, ती कधी कोणाची बाजू घेत नाही. तर म्हणाली, "तिनं काही सांगायची गरज नाही. मी नुसती विचारणार आणि तिचे कान बघणार."

मला रात्रभर झोप नाही. धाकटे, मला तिची भीती वाटते. स्वतःच्या पोरीची. ती घरात आली की मी बोलायच्या आधी मनात दोनदा तपासते, हे मी सांगितलं तर खरं निघेल ना? आणि तरी ती गेली तर मी मरेन, हेही लिहून ठेवते. माझ्याकडे दुसरं कोणी नाही. तुझ्याकडे निदान एक मुका नवरा तरी आहे.

तू खोटं बोल असं मी म्हणणार नाही, तुला ते जमायचं नाही. गप्प बसलीस तरी ती ओळखेल. म्हणून एकच कर. घरी राहू नकोस. ह्यांना घे, कुलूप लाव, दिवसभर कुठेही जा. ह्यांना उन्हात बसव जरा. आणि कुलूप नको असेल तर आत बसा, पण दार उघडू नकोस. फोन बंद ठेव.

ती बेल वाजवेल. वाजवू दे. ती हाका मारणार नाही, तो तिचा स्वभाव नाही. थोडा वेळ उभी राहील आणि निघून जाईल. लहान होती तेव्हाही काही बोलली नव्हती, बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून नुसती उभी होती. मला वाटलं होतं तुम्ही दोघं दोन दिवसांत वैतागाल आणि हे तिला घेऊन हात जोडत परत येतील. तू दार उघडायला किती वेळ लावलास त्या दिवशी! मी कोपऱ्यावरून सगळं बघत होते. तिनं एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही.

या वेळी उघडूच नकोस.

ताई